समुद्राच्या तळाशीं घर कशाचें बांधावें?

नारळीपौर्णिमा उलटून होड्या पुन्हां दर्यांत जाऊं लागल्या त्या सुमारास आमच्या इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास शाळेंत आले. मुलाच्या अभ्यासाची चौकशी झाली, तरी ते उठेनात. शेवटीं म्हणाले, "मास्तर, तुम्ही मुलांना शास्त्र शिकवितां म्हणून एक विचारतों. मोटारींचे जुने टायर गोळा करून, दोरांनीं एकत्र बांधून, जवळच्या दर्यांत सोडावे असें आमच्या गांवच्या मंडळींनीं ठरवीत आणलें आहे. त्यांच्या आश्रयाला मासळी येते असें ऐकतों. टायर फुकट मिळताहेत. टाकावे कीं टाकूं नयेत?"

प्रश्न साधा होता, पण त्यामागें पोटाची चिंता होती. किनाऱ्याजवळ पूर्वींसारखी मासळी राहिली नाहीं, लहान होडीवाल्यास दरवर्षीं अधिक दूर जावें लागतें व डिझेलाचा खर्चही निघत नाहीं, असें ते सांगत होते. त्या दिवशीं मीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं, आठ दिवस थांबा, पाहून सांगतों. पाहिल्यावर जें कळलें तें त्यांस सांगितलें. तेंच इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून या वार्षिकांत थोडें विस्तारानें मांडीत आहें.

रिकाम्या जागीं वस्ती कशी होते

समुद्राचा तळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें खडक, पोवळीं व रंगीबेरंगी मासे येतात. वास्तविक आपल्या किनाऱ्यापुढील तळ बहुतेक ठिकाणीं चिखलाचा व वाळूचा आहे. चिखलांतही पुष्कळ जीव राहतात. परंतु ज्या प्राण्यांस कोठें तरी घट्ट चिकटून सारा जन्म काढावयाचा असतो, त्यांना चिखल काय कामाचा? कालवें, शिनाणे, बार्नेकल, नळींत राहणारे किडे, स्पंज, पोवळीं या सर्वांना कठीण जागा लागते. या प्राण्यांचीं पिलें पाण्यांत तरंगत राहतात. शास्त्रांत त्यांस डिंभ असें म्हणतात. हे डिंभ प्रवाहाबरोबर जागेच्या शोधांत भटकतात, आणि जागा मिळाली नाहीं तर मरून जातात. म्हणूनच मोकळ्या तळावर एखादा मोठा दगड, बुडालेलें जहाज किंवा धक्क्याचा खांब आला कीं त्यावर वस्ती सुरू होते, आणि त्या वस्तीच्या आश्रयास खेकडे, शेवंड व मासे येतात.

ही गोष्ट कोळी लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. जपानांतील कोळी सतराव्या शतकापासून बुद्ध्या समुद्रांत दगड वगैरे टाकून मासळी जमवीत आले आहेत. माणसानें अशा हेतूनें समुद्रतळावर रचलेल्या खडकास 'कृत्रिम भित्तिका' असें नांव आहे.

या वस्तीला साधारण ठरलेला असा क्रम आहे. नवी वस्तु पाण्यांत पडली कीं प्रथम पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यांचा अतिसूक्ष्म थर तिजवर बसतो. कांहीं तासांत जंतु येतात. कांहीं दिवसांत डायाटम नांवाचीं एकपेशी शैवालें येतात, आणि ती वस्तु हातास बुळबुळीत लागूं लागते. हा बुळबुळीत थर म्हणजे जणूं सारवलेलें अंगण होय. तें तयार झाल्यावर मोठे पाहुणे येऊं लागतात.

त्यांपैकीं बार्नेकलची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ओहोटीच्या वेळीं खडकावरून अनवाणी चालतांना पाय कापणारे ते पांढरे, टोंकदार, शंकूसारखे जीव तुम्हीं पाहिले आहेत. चार्लस् डार्विन यानें यांच्या अभ्यासांत १८४६ ते १८५४ अशीं आठ वर्षें घालविलीं. बार्नेकलच्या डिंभाची शेवटची अवस्था मोठी चमत्कारिक असते. त्या अवस्थेंत तो मुळींच खात नाहीं. पूर्वीं सांठविलेल्या चरबीवर जगतो, आणि आपल्या दोन स्पर्शिकांनीं पृष्ठभागावर पाऊल पाऊल टाकीत जागा चांचपून पाहतो. न आवडली तर सोडून जातो. आवडली तर एक प्रकारचा डिंक सोडून डोकें खालीं करून चिकटतो, आणि तेथून पुन्हां उठत नाहीं. त्याला निवड एकदांच करावयाची असते. सांठविलेलें अन्न संपण्यापूर्वीं ती केलीच पाहिजे, आणि चुकली तर दुरुस्त करतां येत नाहीं.

मग हे डिंभ काय पाहतात? पृष्ठभागांतून कोणतें द्रव्य पाण्यांत उतरतें, तो खरखरीत आहे कीं गुळगुळीत, आणि त्यावर कोणत्या जंतूंचा थर बसला आहे, हें ते पाहतात. पोवळ्यांचे डिंभ तर कित्येक वेळां गुलाबी चुनखडी शैवालाचा थर जेथें असेल तेथेंच बसणें पसंत करतात. यांत आपण आणखी दोन प्रश्न घातले पाहिजेत, कारण त्यांचें उत्तर डिंभास ठाऊक नसतें. ती वस्तु किती वर्षें टिकेल? आणि वादळांत ती जागच्या जागीं राहील काय? या पांच कसोट्या ध्यानांत ठेवून आतां एकेक पदार्थ तपासूं.

दगड आणि काँक्रीट

दगड हा सर्वांत जुना व निर्धोक पदार्थ. सिंधुदुर्ग किल्ल्याचें बांधकाम १६६४ ते १६६७ या काळांत झालें. मालवणास गेलांत तर ओहोटीच्या वेळीं त्याच्या तटाचा खालचा भाग अवश्य पाहा. जेथपर्यंत भरतीचें पाणी चढतें तेथपर्यंत दगडांवर प्राण्यांची वस्ती असते. तिच्या वर दगड उघडा असतो. दगडांतून विषारी असें कांहीं झिरपत नाहीं, त्याच्या अंगावर खांचा व भेगा असतात, आणि लाटांनीं तो सहसा हलत नाहीं. अडचण एवढीच कीं, तो वाहून नेण्यास फार खर्च येतो, आणि त्याच्या पोटांत माशांना शिरण्याजोगीं बिळें नसतात.

काँक्रीटला पाहिजे तो आकार देतां येतो, म्हणून आज बहुतेक देशांत कृत्रिम भित्तिकांसाठीं तेंच वापरतात. पण त्यांतही एक गोम आहे. सिमेंट भिजून घट्ट होतांना त्यांत मोकळा चुना तयार होतो, आणि नव्या काँक्रीटमधून तो पाण्यांत झिरपत राहतो. द्रवाची आम्लता किंवा अल्कता मोजण्याचें पीएच हें माप वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस माहीत आहे. समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारें ८ असतो. ताज्या काँक्रीटचा १२ ते १३ असतो. या मापांतील एकेक पायरी दहापटीची आहे. तेव्हां चार पायऱ्यांचा फरक म्हणजे दहा हजार पटींचा फरक झाला. कोंवळ्या डिंभाच्या दृष्टीनें अशी भिंत म्हणजे नुकतीच चुना फासलेली, अंग भाजणारी खोली होय. कांहीं काटक जीव तेथेंही बसतात, पण पुष्कळसे टाळतात. कांहीं महिने गेल्यावर वरचा चुना धुपून जातो, त्याचा पृष्ठभागावर खडूसारखा थर बनतो, आणि मग इतर जाती येऊं लागतात.

हा काळ कमी करण्याची युक्ति माणसाच्या हातीं फार प्राचीन काळींच आली होती, जरी तिचा हेतु निराळा होता. नव्या करारांत ज्या कैसरीया शहराचें नांव वारंवार येतें, तेथील बंदर हेरोद राजानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधविलें. त्या बंदराच्या बांधांसाठीं चुन्यांत इटालींतील नेपल्स शहराजवळची ज्वालामुखीची राख मिसळलेली होती. ही राख मोकळ्या चुन्याशीं संयोग पावून त्यास बांधून टाकते. त्यामुळें काँक्रीट पाण्यांतही घट्ट होतें व दीर्घकाळ टिकतें. रोमन लोकांचे कित्येक सागरी बांध दोन हजार वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिले आहेत. आज ज्वालामुखीच्या राखेऐवजीं दगडी कोळशाची बारीक राख किंवा सिलिकेची अतिसूक्ष्म पूड सिमेंटांत मिसळतात, आणि तिच्या योगानें झिरपणारा चुना कमी होतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नांवाच्या उपसागरांत १९८९ सालीं कोळशाच्या राखेचे ठोकळे करून भित्तिका रचली. तेथें थोड्याच आठवड्यांत शेवंड राहावयास आले. मात्र कोळशाच्या राखेंत जड धातूंचे अंश असतात. ते ठोकळ्यांत बांधलेले राहतात कीं पाण्यांत उतरतात, हें तपासल्यावांचून ती वापरणें शहाणपणाचें नव्हे.

आकाराचाही विचार पदार्थाइतकाच करावा लागतो. गुळगुळीत फरशी व खडबडीत फरशी एकाच सिमेंटाची असली तरी दुसरीवर वस्ती लवकर व अधिक होते. कारण खांचेंत बसलेल्या पिलाला लाट सहज उचलीत नाहीं व शेवाळ खरवडणारी गोगलगाय तेथें पोंचत नाहीं. तसेंच भोंकें निरनिराळ्या मापांचीं असावीं. लहान भोंकांत लहान मासे लपतात आणि मोठे मासे तेथें शिरूं शकत नाहींत. एकाच मोठ्या पोकळीचें घर म्हणजे शिकाऱ्याची गुहा. तिच्यांत लहानांना थारा नाहीं.

लोखंड

बुडालेल्या जहाजाभोंवतीं मासे जमतात हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें निकामी जहाजें व गाड्या मुद्दाम बुडविण्याची प्रथा पडली आहे. अमेरिकेचें 'ओरिस्कनी' हें विमानवाहू जहाज १७ मे २००६ रोजीं फ्लॉरिडा प्रांतांतील पेन्साकोला शहरासमोर बुडविलें; तें ३७ मिनिटांत तळास गेलें. परंतु तत्पूर्वीं त्याची सफाई करण्यांत फार काळ व पैसा खर्चीं पडला, कारण अशा जहाजांत तेल, अॅस्बेस्टॉस, विषारी रंग व तारांच्या वेष्टनांत भरलेलीं घातक द्रव्यें असतात. जहाज बुडविणें स्वस्त आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हा सफाईचा हिशेब विसरूं नये.

लोखंडावर वस्ती लवकर होते, पण तें गंजतें. गंजाचे पापुद्रे सुटले कीं त्यांवर बसलेले जीवही त्यांच्याबरोबर गळून पडतात, आणि रिकाम्या जागेवर पुन्हां पहिल्यापासून सुरुवात होते. जाड पत्रा कित्येक दशकें टिकतो. पातळ पत्रा टिकत नाहीं. न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेचे अडीच हजारांहून अधिक जुने डबे २००१ ते २०१० या काळांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रांत सोडण्यांत आले. त्यांतील पहिले डबे साध्या पोलादाचे होते. ते बरे टिकले. पुढें न गंजणाऱ्या पोलादाचे डबे पाठविले तेव्हां लोकांस वाटलें कीं, हे तर अधिकच टिकतील. पण त्यांचे पत्रे पातळ होते व ठिकठिकाणीं टांचून जोडलेले होते. २००८ सालीं न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सोडलेले असले बहुतेक डबे थोड्याच महिन्यांत लाटांच्या माऱ्यानें कोसळले. न गंजणारा धातु म्हणजे न मोडणारें घर नव्हे, हा धडा तेथें मिळाला.

लोखंडाचा दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आहे. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं पामिरा नांवाचें प्रवाळबेट आहे. तेथील पाण्यांत लोखंडाचा अंश स्वभावतःच अत्यल्प आहे. १९९१ सालीं मासेमारीचें एक जहाज तेथें खडकावर चढून फुटलें. २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं पाहणी केली तेव्हां त्या जहाजाभोंवतीं पोवळ्यांच्या दूरच्या नात्यांतील एका मऊ, चिवट प्राण्यानें सारा तळ व्यापून टाकलेला दिसला. जहाजाजवळ त्याची दाटी सर्वांत अधिक होती, आणि त्याच्याखालीं पोवळीं गुदमरून मेलीं होतीं. गंजणाऱ्या जहाजांतून उतरणारें लोखंड या वाढीस कारण झालें असावें असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. शेवटीं तें जहाज तेथून काढून टाकावें लागलें. आमच्या कोंकणच्या नद्या जांभ्या मातींतून लोखंड वाहून आणीतच असतात, म्हणून तीच भीति येथें तेवढीच आहे असें नाहीं. पण वाढ पुष्कळ झाली म्हणजे हित झालेंच असें समजूं नये, एवढें यावरून शिकण्यासारखें आहे.

तांबें, विषारी रंग व लांकूड

आतां उलट बाजूचें उदाहरण घेऊं. लांकडी जहाजांना पूर्वीं दोन शत्रु होते. एक, बुडावर वाढणारें शेवाळ व बार्नेकल, ज्यांनीं जहाजाची गति मंदावे. दुसरा, लांकूड पोखरणारा टेरेडो, ज्याला किडा म्हणतात पण जो वास्तविक शिंपल्यांच्या कुळांतला आहे. इंग्रजांच्या आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या बुडास तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांब्याचा अल्पसा अंश पाण्यांत उतरत राहतो व तो डिंभांस विषासारखा असतो, त्यामुळें बूड स्वच्छ राहिलें. मात्र तांब्याशेजारचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झपाट्यानें झिजून गेले. दोन धातु व खारें पाणी मिळून विद्युत्‌घट कसा होतो, याचें हें जिवंत उदाहरण आहे.

विसाव्या शतकांत तांब्यापेक्षां कितीतरी जहाल असें कथिलाचें एक संयुक्त द्रव्य रंगांत घालूं लागले. बुडें स्वच्छ राहिलीं. पण फ्रान्समधील आर्कशॉं उपसागरांतील कालवांचीं पिलें जगेनात व मोठ्या कालवांचीं कवचें वेडींवांकडीं होऊं लागलीं. तेथील कालवें पोसणारे लोक देशोधडीस लागण्याची वेळ आली. फ्रान्सनें १९८२ सालीं लहान होड्यांवर तो रंग लावण्यास बंदी केली, आणि २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें सर्व जहाजांवर तो निषिद्ध झाला. म्हणून जुनें जहाज किंवा होडी भित्तिकेसाठीं वापरावयाची तर तिच्या बुडाचा रंग खरवडून काढणें अत्यंत आवश्यक आहे. नाहीं तर आपण माशांसाठीं घर बांधलें आणि भिंतींना विष फासलें असें होईल.

लांकडाविषयीं थोडक्यांत एवढेंच सांगतां येईल कीं, तें निर्विष आहे व त्यावर जीव चटकन येतात, पण तोच टेरेडो त्याला थोड्या वर्षांत चाळणीसारखें करून टाकतो. तें कायमचें घर नव्हे; फार तर हंगामी मांडव होय.

रबर

येथें आपण त्या पालकांच्या प्रश्नापाशीं येऊन पोंचलों. त्यांच्या गांवीं जें करावयाचें मनांत होतें, तेंच फार मोठ्या प्रमाणावर पूर्वीं एकदां झालें आहे. १९७२ सालीं फ्लॉरिडांतील फोर्ट लॉडरडेल शहरासमोर, किनाऱ्यापासून सुमारें दोन किलोमीटरांवर व वीस मीटर खोल पाण्यांत, वीस लक्षांच्या आसपास जुने टायर जुड्या बांधून सोडण्यांत आले. हेतु चांगला होता. जमिनीवरील कचरा कमी होईल आणि मासळी वाढेल, असे दोन्ही लाभ लोकांनीं मनाशीं धरले होते. मोठ्या उत्साहानें कित्येक खाजगी होड्या त्या कामास लागल्या.

पुढें काय झालें? जुड्या बांधलेल्या पोलादी पट्ट्या गंजल्या व बंध तुटले. सुटे टायर वादळांत तळावरून लोळूं लागले, आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळभिंतीवर आदळून त्यांनीं तेथील जिवंत पोवळीं मोडलीं. टायरांवर मात्र म्हणण्यासारखी वस्ती झालीच नाहीं. २००७ सालीं सैन्यांतील पाणबुडे लावून ते वर काढण्यास आरंभ झाला. लाखों काढले तरी काम संपेना.

असें कां व्हावें? याचें उत्तर आर्किमिडीजच्या सिद्धान्तांत आहे. वस्तु पाण्यांत बुडाली म्हणजे तिनें सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकें तिचें वजन कमी होतें. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरा, टायरच्या रबराची सुमारें १.१५, काँक्रीटची सुमारें २.४ आणि काळ्या दगडाची सुमारें २.९ धरा. आतां प्रत्येकाचे १०० किलो घेऊन उदाहरण सोडवा. समुद्रांत काळ्या दगडाचें वजन सुमारें ६५ किलो भरतें, काँक्रीटचें ५७ किलो, आणि रबराचें अवघें ११ किलो. जमिनीवर दोन माणसांनीं उचलावी लागणारी ती रबराची रास पाण्यांत एक लहान मूल हलवूं शकेल. मग वादळाला काय कठीण? शिवाय रबर लवतें. दगडासारखी घट्ट वाढ लवणाऱ्या वस्तूवर टिकत नाहीं. ओल्या मातीचा गिलावा चटईवर टिकावा कसा?

रबरांत अनेक रसायनेंही मिसळलेलीं असतात. टायरचें रबर फुटूं नये म्हणून त्यांत घातलेलें एक द्रव्य हवेंतील ओझोनशीं संयोग पावून असा पदार्थ बनतो कीं, त्याच्या अत्यल्प अंशानें कोहो जातीचे सामन मासे मरतात, असें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं दाखवून दिलें. तें विष रस्त्यावर झिजलेल्या टायरांच्या भुकटींतून ओढ्यांत आलें होतें. बुडविलेल्या टायरांची गोष्ट तंतोतंत तीच नव्हे. तरी ज्या पदार्थाच्या पोटांत काय काय आहे हें अजून एकेक उलगडत आहे, तो आपल्या मासळीच्या घरांत आपण होऊन कां न्यावा?

मासे वाढतात कीं नुसते जमतात?

या ठिकाणीं एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. भित्तिकेजवळ मासे पुष्कळ दिसले म्हणजे समुद्रांत मासे वाढले असें सिद्ध होत नाहीं. चोहोंकडे विखुरलेले मासे एके ठिकाणीं गोळा झाले असतील. गांवांत नवीन बाजार भरला म्हणून जिल्ह्याची लोकसंख्या वाढत नाहीं. जमलेले मासे त्याच ठिकाणीं सपाट्यानें धरले, तर भित्तिका ही मासळी वाढविण्याचें साधन न राहतां ती लवकर संपविण्याचें साधन होईल. पिलांना आसरा, डिंभांना जागा, खाण्यास शेवाळ व लहान जीव हीं सर्व मिळून खरी वाढ होते. तिला वर्षें लागतात, आणि त्या काळांत तेथें जाळें टाकावयाचें नाहीं एवढा संयम गांवानें पाळावा लागतो. उत्तम काँक्रीटही हा संयम पुरवूं शकत नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्या देशांत हें काम शास्त्रीय पद्धतीनें चाललें आहे. कोचीन येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें काँक्रीटचे त्रिकोणी, विहिरीच्या कड्यांसारखे व इतर आकारांचे ठोकळे तयार करून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं भित्तिका रचल्या आहेत. कच्छच्या आखातांत मिठापुराजवळ जानेवारी २०२० मध्यें एक निराळाच प्रयोग झाला. लोखंडी सांगाडा पाण्यांत ठेवून त्यांतून अगदीं मंद वीजप्रवाह सोडतात; त्यामुळें समुद्राच्या पाण्यांतील चुनखडी सांगाड्यावर बसते, आणि पोवळ्यांस आपल्याच जातीच्या पदार्थाचें अंगण मिळतें. मुंबईंत वरळी कोळीवाड्याजवळ नोव्हेंबर २०२४ मध्यें पुनः वापरांत आणलेल्या काँक्रीटच्या व पोलादाच्या २१० घटकांची भित्तिका पाण्यांत सोडली. नौदलाच्या सेवेंतून २०२४ सालीं निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यांत निवतीजवळ बुडवून तिची भित्तिका करावी, अशी योजनाही महाराष्ट्र शासनानें हातीं घेतली. या सर्व कामांत जागेची पाहणी आधीं करावी लागते: तळ चिखलाचा असेल तर ठोकळे रुततात, नैसर्गिक खडक जवळ असेल तर त्याला धक्का लागूं शकतो, आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर होड्यांना धोका होतो.

यास्तव त्या गृहस्थांस मीं असें सांगितलें: टायर टाकूं नका. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गांवातर्फे अर्ज करा, आणि परवानगी व पाहणी झाल्यावांचून कांहींच सोडूं नका. मंजुरी मिळाली तर काँक्रीटचे खडबडीत, लहानमोठ्या भोंकांचे ठोकळे करा, ते कांहीं महिने पाण्यांत भिजवून मग सोडा, आणि किती वर्षें तेथें जाळें टाकावयाचें नाहीं याचा ठराव आधीं लिहून काढा.

त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "मास्तर, तुमचें पटतें. पण सिमेंटाला पैसे पडतात, आणि फुकटचे टायर नको म्हणणें गांवांत सोपें नाहीं." तें खरें आहे. मीं त्यांस फ्लॉरिडाच्या किनाऱ्याचा तेवढा हिशेब पुन्हां करून दाखविला: तेथेंही टायर फुकटच मिळाले होते, टाकणाऱ्यांची एक पिढी, आणि काढण्याचा खर्च दुसऱ्या पिढीच्या माथीं.

विद्यार्थ्यांसाठीं प्रयोग

वरील गोष्टी माझ्या सांगण्यावरून खऱ्या मानूं नका, स्वतः पाहा. पाटीच्या आकाराचे सात तुकडे घ्या: जांभा दगड, काळा दगड, नव्या सिमेंटाची फरशी, महिनाभर भिजवून पाणी बदललेली सिमेंटाची फरशी, साधें लांकूड, तांब्याचा पत्रा व टायरचा तुकडा. प्रत्येकास भोंक पाडून मजबूत दोरीनें, परवानगी घेऊन, धक्क्यापासून अशा रीतीनें टांगा कीं ओहोटींतही ते पाण्याखालीं राहतील व एकमेकांवर आदळणार नाहींत. दिवाळीनंतर आरंभ करून चार महिने ठेवा. दर पंधरा दिवसांनीं वडील माणसांबरोबर जाऊन ते वर काढा. प्रत्येकावर काय बसलें, किती बसलें, तें मोजा व वहींत चित्र काढा. आणि पुन्हां पाण्यांत सोडा. प्रयोग संपल्यावर सर्व तुकडे परत आणावे. एकही समुद्रांत राहूं देऊं नये.

हें लिहीत असतां त्या गांवचे टायर जाळ्यांच्या खोपीमागें पडून आहेत. गांवाचा निर्णय अद्यापि झालेला नाहीं. त्या गृहस्थांच्या मुलानें मात्र सात तुकडे जमविले आहेत, आणि ते टांगण्यासाठीं धक्क्याचा तिसरा खांब आपल्या बापाकडून मागून घेतला आहे.